आजचं चालणं आजपुरतं

भरभर चालताना रक्तदाब वाढतो. बीपीची गोळी चालू असलेली माणसं हे ऐकून दचकतात, पण ते खरं आहे. निरोगी माणसाचाही वरचा आकडा १२० वरून १६० पर्यंत जाऊ शकतो. पायांच्या स्नायूंना जास्त रक्त लागतं आणि हृदय ते जोरानं ढकलत असतं. त्याच वेळी स्नायूंमधल्या बारीक रक्तवाहिन्या सैलावतात, आणि चालणं थांबवून आपण घाम पुसत बसलो तरी त्या लगेच आवळत नाहीत. हृदय शांत झालेलं असतं, वाट मात्र अजून मोकळी असते. त्यामुळे दाब उतरतो, आणि चालायला निघण्याआधी होता त्याच्याही खाली जातो. ही उतरण काही तास टिकते; मुळात ज्यांचा दाब जास्त आहे त्यांच्यात कधी कधी पुढचा जवळजवळ सगळा दिवस.

या साऱ्या शास्त्रात मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते हेच. व्यायामाच्या फळाचा एक भाग रोज मिळतो आणि रोज संपतो. कालची आंघोळ आज चालत नाही, तसं. रविवारी दोन तास डोंगर चढून आलं, तरी त्याची पुण्याई गुरुवारपर्यंत पुरत नाही.

दुसरा भाग सावकाश साठतो. रक्ताचा प्रवाह वाढला की रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर नायट्रिक ऑक्साइड सोडतं आणि वाहिन्या सैल पडतात. या छोट्याशा रेणूचं शरीरातलं हे काम शोधून काढण्याला १९९८ चं नोबेल मिळालं. आठवड्यांमागून आठवडे चालत राहिलं की हे अस्तर सुधारतं आणि वाहिन्यांना आवळून धरणाऱ्या मज्जातंतूंची घाई कमी होते. उच्च रक्तदाब असलेल्यांचा वरचा आकडा नियमित चालण्यानं साधारण ५ ते ८ नं खाली येतो. ऐकायला थोडं वाटतं, पण औषधांच्या मोठ्या चाचण्यांत वरचा आकडा ५ नं उतरला तेव्हा हृदयविकार आणि पक्षाघातासारखे मोठे झटके सुमारे १० टक्क्यांनी कमी झाले. खंड पडला की मात्र ही साठवणही काही आठवड्यांत ओसरते.

म्हणून मला संशोधक जेरेमी मॉरिस यांचे बस कंडक्टर पुन्हा पुन्हा आठवतात. मॉरिस यांनी १९५३ मध्ये लंडनच्या डबलडेकर बसवरच्या माणसांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसभर बसून गाडी हाकणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा जिन्यावरून सतत वरखाली करणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी होता. (बेस्टच्या लाल डबलडेकरमधून फिरलेल्यांना तो अरुंद जिना सांगायला नको.) मॉरिस एवढ्यावर थांबले नाहीत. पुढे त्यांनी गणवेशांची मापं तपासली, तेव्हा ड्रायव्हरांची कंबर नोकरीच्या सुरुवातीपासूनच जाड असल्याचं दिसलं. म्हणजे सगळं श्रेय जिन्याला देता येत नव्हतं. आपल्याच निष्कर्षाला असं तपासून पाहणाऱ्या माणसावर माझा विश्वास बसतो. पुढच्या कित्येक अभ्यासांनी त्यांची मूळ दिशा खरी ठरवली. त्या कंडक्टरांना ‘आज व्यायाम करू की नको’ असा प्रश्नच पडत नसे. तिकीट फाडायचं तर वर जायलाच हवं. आपल्यापैकी पुष्कळांचा दिवस खुर्चीत जातो, आपल्याला तो जिना मुद्दाम दिवसात बसवावा लागतो: दोन स्टॉप आधी उतरून, लिफ्ट टाळून, जेवणानंतर घरातल्या कुणाला तरी बरोबर घेऊन.

ज्यांना फार चालता येत नाही, त्यांच्यासाठीही वाट आहे. भिंतीला पाठ टेकवून, गुडघे झेपतील तेवढेच वाकवून, खुर्चीत बसल्यासारखं दोन मिनिटं स्थिर राहायचं. मध्ये विश्रांती घेत असं चारदा, आठवड्यातून तीन दिवस. २०२३ मध्ये २७० चाचण्या एकत्र मांडून पाहिल्या, तेव्हा अशा स्थिर व्यायामांनी रक्तदाब सगळ्यात जास्त उतरवल्याचं दिसलं. श्वास तेवढा रोखून धरायचा नाही. श्वास कोंडून जोर लावला की दाब एकदम उसळतो. वरचा आकडा १८० च्या पुढे असेल किंवा चालताना छातीत दुखत असेल, तर आधी डॉक्टरांकडे जावं. आणि महिन्या-दोन महिन्यांनी आकडा छान आला म्हणून गोळी आपल्या मनानं बंद करू नये. तो आकडा गोळी आणि चालणं या दोन्हींनी मिळून आणलेला असतो. गोळी किती कमी करायची ते डॉक्टरांना ठरवू द्यावं.