रिकाम्या जागेचे ऋण

उकाईच्या धरणाविषयी एक प्रश्न आमच्या मनात बरीच वर्षे घोळत आहे. तो स्थापत्यशास्त्राचा नाही, नीतीचा आहे.

तापीवरील हे धरण १९७२ मध्ये पूर्ण झाले. लांबी सुमारे ५ किलोमीटर, बांधणी बहुतांश मातीची. वीजगृहात ७५ मेगावॉटचे ४ संच. सिंचन, वीज आणि सुमारे १०० किलोमीटर खाली वसलेल्या सुरतेचे पुरापासून रक्षण, अशी कामे त्याच्यावर सोपविली आहेत. विजेला भरलेला जलाशय हवा; पाणी जितक्या उंचीवरून येईल तितकी तेवढ्याच पाण्यातून वीज अधिक. पुरासाठी मात्र जागा रिकामी हवी. म्हणून पावसाळ्यात कोणत्या तारखेस पातळी कोठवर असू द्यावी, याचे कोष्टक ठरलेले असते.

आकाश निरभ्र असताना पाणी सोडून देण्याचे धैर्य कोणी दाखवावे? पाणी सोडले आणि पावसाने दडी मारली, तर हानी ज्याला त्याला दिसते, आणि त्या आदेशाखाली कोणा एका अधिकाऱ्याची सही असते. पाणी राखले आणि पूर आला नाही, तर तोच अधिकारी काटकसरी ठरतो. टळलेला पूर कोणत्याच नोंदवहीत चढत नाही. सरकारी नोकरीत आयुष्य घालविलेल्यांना हे नवे नाही. मार्चअखेर शिल्लक राहिलेले अनुदान ही खात्याची अकार्यक्षमताच, मग ते कितीही शहाणपणाने राखलेले का असेना!

२००६ च्या ऑगस्टमध्ये वरच्या खोऱ्यात अतिवृष्टी झाली, तेव्हा जलाशयात पुरेशी जागा नव्हती. विसर्ग वाढत वाढत ९ लाख क्युसेकांच्या घरात गेला आणि सुरतेचा बहुतेक भाग पाण्याखाली आला. त्या वेळी दरवाजे उघडणाऱ्यांना दोष देणे आम्हांस न्याय्य वाटत नाही. मातीच्या धरणाच्या माथ्यावरून पाणी वाहू लागले, तर बांधच वाहून जातो. १९७९ मध्ये मच्छू नदीवर काय झाले आणि मोरबीची काय दशा झाली, ते गुजरातेत राहणाऱ्यांना सांगावयास नको. दरवाजे उघडताना निवड उरलीच नव्हती. ती होती आधीच्या दिवसांत, जेव्हा काहीच घडत नव्हते. अर्जुनाचा प्रश्न सैन्ये समोरासमोर ठाकल्यावरचा, म्हणून आपण तो पुनःपुन्हा वाचतो. पण शिष्टाईला वाव होता तो उद्योगपर्वात.

अवर्षणाच्या वर्षी शेतकरी विचारील, की माझे पाणी समुद्रास का दिले? त्याचा दावा खरा आहे, आणि तो कसा फेटाळावा हे आम्हांस उमगलेले नाही. पण आणखी एक हिशेब आहे. या जलाशयाखाली शंभराहून अधिक गावे गेली, बहुतेक आदिवासींची. त्यांच्या जमिनी घेताना जी कारणे पुढे केली, त्यांत पूररक्षण होते. पुरासाठी राखावयाचा तेवढा वाटा विजेच्या लोभाने भरून टाकणे, म्हणजे एका कारणासाठी घेतलेले धन दुसऱ्याच खाती घालणे. महसूल खात्यात याला आम्ही साधा शब्द वापरीत असू : अफरातफर.

सुरतेची वर्तमानपत्रे पावसाळ्यात उकाईची पातळी छापतात, पुष्कळदा कोष्टकातली पातळीही शेजारीच. आम्ही तो दुसरा आकडा आधी वाचतो.