जमिनीपासून चार बोटं वर

अमेरिकेतल्या फ्लाइंग स्कूलमधून कमर्शियल पायलटचं लायसन्स घेऊन मराठी मुलगा घरी येतो, तेव्हा शेजारीपाजारी पेढे वाटून झालेले असतात. पण ते लायसन्स भारतीय करून घ्यायचं, तर तिथलं मेडिकल इथं चालत नाही. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचं, म्हणजे डीजीसीएचं, क्लास वन मेडिकल नव्यानं काढावं लागतं.

रक्त, लघवी, ईसीजी, कान. रंगांधळेपणा तपासायला रंगीत ठिपक्यांच्या गर्दीत दडलेले इशिहाराचे आकडे ओळखायचे. इथं शरीर स्वतःच बोलतं. मन मात्र बोलतं ते फक्त फॉर्मवर: फिट, बेशुद्धी, मानसिक आजार, पूर्वी कधी काही झालं होतं का? समजा, परदेशात एकटेपणानं झोप उडाली आणि मुलानं काही महिने नैराश्याच्या गोळ्या घेतल्या. ते कागद तिकडेच राहिले. ‘नाही’वर खूण केली तर विचारणारं कोण? आणि ‘होय’ म्हटलं, तर वडिलांनी काढलेल्या कर्जाचं काय?

पोट आणि सत्य यांतलं हे भांडण जुनं आहे. महाभारतात युधिष्ठिराचा रथ जमिनीपासून चार बोटं वर चालायचा. अश्वत्थामा मेला, एवढं द्रोणांना ऐकू जाईल असं तो बोलला, हत्तीचा उल्लेख पुटपुटला, आणि रथाची चाकं मातीला टेकली. शब्दाला शब्द लावला तर तो खोटं बोललाच नव्हता. तरी रथ उतरला, कारण समोरचा त्याच्या शब्दावर विसंबून होता.

वैमानिकावर तर न दिसणारी माणसं विसंबतात. 24 मार्च 2015 रोजी जर्मनविंग्ज या कंपनीचं विमान नैराश्याचा इतिहास असलेल्या सह-वैमानिकानं फ्रान्सच्या आल्प्समध्ये मुद्दाम आदळवलं. 150 जण गेले. डॉक्टरनं दिलेल्या रजेच्या चिठ्ठ्या त्याच्या घरी फाडलेल्या सापडल्या. नैराश्य आलेला प्रत्येक माणूस असं करत नाही, हे इथंच ठासून सांगायला हवं. पण चिठ्ठी फाडणारा हात नोकरीच्या भीतीनंही हलतो.

म्हणून ‘खरं बोल’ हा उपदेश नुसत्या वैमानिकाला करणं अर्धवट आहे. खरं बोलणाऱ्याला उभं राहायला जागा ठेवणं हाही धर्मच. अमेरिकेनं 2010 मध्ये नैराश्यावरच्या चार औषधांपैकी एखादं घेणाऱ्या वैमानिकांना देखरेखीखाली उडण्याची वाट खुली केली. आजवर लपवलेलं सहा महिन्यांत सांगा, त्याबद्दल दंडाची कारवाई करणार नाही, असंही जाहीर केलं. तोवर अशा गोळ्या म्हणजे थेट जमिनीवर बसणं होतं, आणि लपवण्याला त्या नियमानंच खतपाणी मिळत होतं.

क्लास वन साठीच्या आत साधारण बारा महिने चालतं. म्हणजे पुढल्या वर्षी पुन्हा तोच फॉर्म, तीच चौकट. फक्त तोवर त्या मुलाच्या पाठीमागं दीडशे-दोनशे प्रवासी पट्टे बांधून बसू लागलेले असतील.