डाव कोणाचा?

समानता आणि न्याय एकच का? उर्दूत त्यासाठी 'मसावात' आणि 'अद्ल' असे दोन वेगळे शब्द आहेत. बोलताना मात्र आपण एकाच्या जागी दुसरा सर्रास वापरतो. सर्वांना सारखे वाटले की इन्साफ झाला, असे समजून मोकळे होतो.

या समजुतीचा फेरविचार करायला लावणारा एक नियम आम्हाला एका बैठ्या खेळात सापडला. उवे रोझेनबर्ग या जर्मन रचनाकाराचा 'पॅचवर्क' हा खेळ २०१४ साली आला. तो दोघांनी खेळायचा आणि अर्ध्या तासात संपवायचा. विषय आपल्या घरातलाच, गोधडी शिवण्याचा. प्रत्येकापुढे ९ बाय ९, म्हणजे ८१ घरांचा कोरा पट असतो. वेड्यावाकड्या आकाराचे पुठ्ठ्याचे तुकडे विकत घ्यायचे आणि त्यावर नीट बसवायचे. तुकड्याची किंमत दुहेरी, काही बटणे आणि काही वेळ. बटणे हे या खेळातले नाणे. वेळ मोजण्यासाठी मधे एक वेगळी वाट आहे. तुकड्याला जेवढा वेळ लागेल, तेवढी घरे आपली सोंगटी तिथे पुढे सरकते.

खरे नवल पुढेच आहे. शतरंजमध्ये एकदा तू, एकदा मी. लुडोत सहा पडले तर पुन्हा डाव, म्हणजे सारे नशिबावर. इथे मात्र वेळेच्या वाटेवर जो मागे, डाव त्याचा. पुढच्याला ओलांडेपर्यंत तो लागोपाठ दोन-तीनदाही खेळू शकतो.

कुणी म्हणेल, मग मागे राहणाऱ्याची चैनच आहे. तसे नाही. त्याला तुकडा स्वस्तात मिळत नाही, किंमत दोघांना एकच. पुढच्याकडून काही काढूनही घेतले जात नाही. उलट वाटेवर ठेवलेले एका घराचे छोटे तुकडे आधी पोचणाऱ्यालाच मिळतात. मागच्याला मिळतो तो फक्त डाव. सवलत आणि न्याय यांतला फरक आम्हाला इथे दिसतो. सवलत मोल कमी करते. न्याय मोल तेवढेच ठेवतो आणि संधी देतो. संधी घेताना कुणाची मान खाली जात नाही.

अर्थात खेळ तो खेळच. तिथे दोघांची सुरुवात सारखी असते, हाती ५ बटणे आणि पट कोरा. मागे राहणे ही तिथे पुष्कळदा हिशेबाने केलेली निवड असते. धाकट्या भावंडांचे आवरून, पाणी भरून वर्गात येणाऱ्या मुलीने मागे राहणे निवडलेले नसते. ६ ते १४ वयोगटातील २५ टक्के मुस्लिम मुले एक तर कधी शाळेत गेलीच नाहीत किंवा मधेच गळाली, असे सच्चर समितीने २००६ च्या अहवालात नोंदवले. अशा मुलांना नुसता डाव देऊन भागत नाही, सुरुवातीची ५ बटणेही द्यावी लागतात. आणि जी वर्गापर्यंत पोचतात, त्यांच्या वाट्याला काय येते? ज्याचा हात आधी वर, उत्तर त्याचे. नियम सर्वांना सारखा, म्हणून कुणाची तक्रार नाही. मागच्या बाकाचा डाव मात्र येतच नाही.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. खेळ संपल्यावर पटावरच्या प्रत्येक रिकाम्या घरामागे २ गुण वजा होतात. तिथे पुढचा-मागचा असा भेद नाही. डाव मिळणे हा हक्क असेल, तर घर भरणे हा फर्ज आहे. संधी मिळाली नाही असे म्हणणाऱ्या समाजाने, मिळालेल्या संधीचे काय केले हेही स्वतःला विचारावे.

वेळेच्या वाटेवर जो आधी शेवटाला पोचतो, त्याला थांबावे लागते. दुसरा पोचेपर्यंत गुण मोजले जात नाहीत. आपल्या मोहल्ल्यातल्या चार घरांतली मुले डॉक्टर-इंजिनिअर झाली की समाज पुढे गेला असे आपण अभिमानाने सांगतो. अभिमान जरूर असावा. पण मागचे अजून वाटेत आहेत, तोवर ही मोजणी सुरू झाली असे आम्ही मानत नाही.