फोटोखालची ओळ

10 मे 1869 रोजी अमेरिकेच्या युटा प्रांतात, प्रॉमॉन्टरी समिट नावाच्या उजाड माळावर, पूर्वेकडून आणि पश्चिमेकडून आलेली दोन इंजिने समोरासमोर उभी राहिली. देश आडवा ओलांडणारा पहिला लोहमार्ग पुरा झाला होता. अँड्र्यू जे. रसेल या छायाचित्रकाराने ते दृश्य काचेवर उतरवले. मध्यभागी मार्ग बांधणाऱ्या दोन्ही कंपन्यांचे मुख्य अभियंते हस्तांदोलन करताहेत, इंजिनांवर चढलेल्या माणसांनी बाटल्या उंचावल्या आहेत आणि भोवती टोपीवाल्या पुरुषांची दाटी आहे. आज हे छायाचित्र जाड, कसदार कागदावर छापून चौकटीसह विकत मिळते. दिवाणखान्यात शोभावी अशी ती कलावस्तू झाली आहे. जन्माला आले तेव्हा मात्र ते कलेसाठी आले नव्हते.

रसेल हा युनियन पॅसिफिक कंपनीसाठी काम करत होता, तर आल्फ्रेड हार्ट हा सेंट्रल पॅसिफिकसाठी. रेल्वेला सरकारकडून जमिनी आणि कर्जरोखे मिळाले होते. भांडवलदारांना आणि लोकप्रतिनिधींना काम दिसणे गरजेचे होते. पूल, बोगदे, भराव यांची चित्रे ही त्या अर्थाने प्रगतीचा अहवाल होती. तंत्राचीही मर्यादा होती. काचेवर रसायन ओतायचे, ते ओले असतानाच चित्र घ्यायचे आणि लगेच अंधाऱ्या तंबूत ते धुवायचे. हललेला माणूस चित्रात पुसट होई. म्हणून रेल्वेबांधणीच्या या चित्रांत बांधणी क्वचितच दिसते. दिसतात ती काम थांबवून उभी राहिलेली माणसे.

पुढच्या पिढीत छायाचित्र घरोघरी गेले आणि त्याचा मालक बदलला. 1862च्या कायद्याने पाच वर्षे जमीन कसून तिथेच राहणाऱ्याला 160 एकर मिळत. नेब्रास्काच्या गवताळ मैदानात लाकूड दुर्मीळ, म्हणून मुळांनी घट्ट बांधलेल्या मातीचे चौकोनी तुकडे कापून लोक घरे रचत. 1886पासून सॉलोमन बुचर हा कस्टर परगण्यात अशा कुटुंबांची चित्रे काढत हिंडला. हे लोक घराबाहेर ओळीने उभे राहत आणि गाई, घोडे, कलिंगडे असे जे जे मिरवण्याजोगे असेल ते समोर मांडत. एका बाईला आपले मातीचे घर दूरच्या नातलगांना दिसू द्यायचे नव्हते. तिने पायपेटी अंगणात आणवली आणि सगळे कुटुंब तिच्याभोवती उभे केले. कंपनीच्या अहवालाप्रमाणे हाही एक अहवालच, पण आपल्या माणसांना पाठवलेला: आमचे बरे चालले आहे. ज्या पॉनी या मूळनिवासी लोकांची ही भूमी होती, त्यांना 1870च्या दशकात दक्षिणेला जावे लागले होते. अंगणातल्या त्या ओळीत त्यांना जागा असण्याचा प्रश्नच नव्हता.

विसाव्या शतकाच्या प्रारंभी बुचरच्या काचा नेब्रास्काच्या इतिहास संस्थेकडे गेल्या आणि घरगुती मिरवणे दस्तऐवज ठरले. तिसरे वळण संग्रहालयांनी दिले. 1942 मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने अमेरिकी यादवी युद्धाची आणि पश्चिम सीमेची छायाचित्रे भिंतीवर मांडली. सरकारी भूसर्वेक्षणाच्या बाडातली पाने तिथे निसर्गचित्रांच्या पंक्तीला बसली. 1982 मध्ये समीक्षक रोझलिंड क्राउस यांनी यावर नेमका आक्षेप घेतला: नकाशे आणि अहवाल यांच्या जगातले चित्र कलादालनाच्या भिंतीवर टांगले की त्याचा मूळ अर्थ गळून पडतो.

मला हा आक्षेप निम्माच पटतो. भिंतीवर लावल्याने चित्र खोटे होत नाही. खोटेपणा शिरतो तो निवडीतून, आणि प्रॉमॉन्टरीचे चित्र त्याचा पुरावा आहे. सिएरा नेवाडाच्या ग्रॅनाइटमधून बोगदे खोदणारे सेंट्रल पॅसिफिकचे बहुसंख्य मजूर चिनी होते. त्या प्रसिद्ध चित्रात त्यांचा चेहरा ओळखू येत नाही. पण रसेलनेच शेवटच्या रुळाशी काम करणाऱ्या चिनी मजुरांचेही एक चित्र घेतले होते, आणि हार्टच्या चित्रांत त्यांच्या छावण्या आहेत. म्हणजे कॅमेऱ्याने त्यांना वगळले नव्हते. पाठ्यपुस्तकांनी आणि भिंतींनी हस्तांदोलन निवडले. 1882 मध्ये चिनी मजुरांना देशात येण्यास बंदी करणारा कायदा झाला, त्या काळाला ती निवड सोयीचीच होती. 2014 मध्ये छायाचित्रकार कॉर्की ली यांनी चिनी मजुरांच्या वंशजांना आणि इतर आशियाई अमेरिकनांना त्याच जागी, त्याच इंजिनांच्या प्रतिकृतींपुढे उभे करून नवे छायाचित्र घेतले. जुन्या चित्राला दिलेले इतके चोख उत्तर दुसरे नाही.

आताची छपाई दडलेले दाखवण्याचे आणि असलेले पुसण्याचे, अशी दोन्ही कामे करू शकते. बुचरच्या काचा बारकाईने स्कॅन केल्यावर एरवी काळ्या दिसणाऱ्या दारांतून घरातल्या वस्तू दिसू लागल्या. तेच तंत्र चरे पुसते, कडा कापते आणि काचेवर छायाचित्रकाराने लिहिलेला क्रमांकही काढून टाकते. पहिल्याने चित्र बोलके होते, दुसऱ्याने देखणे आणि मुके.

असे चित्र घरात लावू नये, असे मी म्हणणार नाही. विकत घेताना कडा न कापलेली प्रत मागावी, आणि चौकटीत चार गोष्टी लिहून घ्याव्यात: कोणी काढले, कधी, कोणाच्या पैशाने, आणि तिथे असूनही चित्रात कोण नाही. विक्रेत्याला हे सांगता येत नसेल, तर पैसे द्यायची घाई करू नये.