शुभेच्छा आणि साचा

नव्याच्या सणाची भेटकार्डे घरी करणाऱ्या दुबईकरांना दोन प्रश्न विचारता येतील. साच्यावरून शाई फिरवून डाळिंबाचे एकच चित्र वीस कार्डांवर उमटवले, तर ते हाताचे काम कसे? आणि फोन असताना हा खटाटोप कशाला?

दुसऱ्या प्रश्नाला वजन आहे. १६ ऑगस्ट २०२० पूर्वी संयुक्त अरब अमिरातीतून इस्राएलला थेट फोन लागत नसे. आता लोद किंवा अश्दोदच्या मावशीचा आवाज क्षणात ऐकू येतो. ही सोय लहान नव्हे.

परंतु तीच सोय एक संदेश एका दमात पन्नास जणांना धाडते. त्यांतल्या कितींची आठवण झालेली असते? कार्डाचे तसे नाही. सावकाश वाळणाऱ्या शाईवर भुकटी टाकावी, जादा झटकावी, मग उष्णता द्यावी, तेव्हा ती वितळून चित्र उठून येते. साचा एकच असला तरी प्रत्येक कार्डाला वेगळा वेळ द्यावा लागतो. 'शाना तोवा' हे शब्द तरी काय, सर्वांसाठी एकच साचा! ते खरे होतात म्हणणाऱ्याच्या आस्थेने.

तरीही हातकाम आपोआप श्रेष्ठ ठरते, असे आम्ही मानीत नाही. वाहवा मिळावी म्हणून केलेले देखणे कार्ड पोकळ असते. मनापासून केलेला फोन भरीव असतो. वाचकहो, कार्डावर नाव लिहिताना ते माणूस डोळ्यांपुढे येत नसेल, तर कार्ड बाजूला ठेवून आधी त्याची विचारपूस करावी.