आरसा आणि वेदी



धर्मशिक्षणाच्या वर्गाला येणाऱ्या आपल्या अकरा-बारा वर्षांच्या काही मुली हल्ली फोटो काढताना मागच्या रांगेत लपतात. कुणाला आपला रंग आवडत नाही, कुणाला दात, कुणाला जाडी. हे त्यांना कोणी शिकवले? थोडेफार आपणच. लग्नाच्या मांडवात भेटलेल्या भाचीला पहिले वाक्य ऐकू येते ते "किती काळवंडलीस!" नाही तर, "जरा कमी खा गं, उद्या स्थळे यायची आहेत." मावशी मायेनेच बोलते. मुलगी मात्र ते वाक्य घरी नेते आणि आरशासमोर उभी राहते.

उरलेले बाजार शिकवतो. 'फेअर अँड लव्हली' हे मलम आपल्या देशात १९७५ साली आले. २०२० साली कंपनीने नावातला 'फेअर' शब्द काढून टाकला. ट्यूबवरचा शब्द गेला. आपल्या नजरेतला गेला का?

फिजी बेटांच्या एका भागात १९९५ साली प्रथमच टीव्ही पोहोचला. तिथे भरलेल्या अंगाचे कौतुक होत असे. डॉ. अ‍ॅन बेकर यांनी त्या वर्षी आणि पुन्हा १९९८ साली शाळकरी मुलींची पाहणी केली. खाण्याविषयीची वृत्ती बिघडलेल्या मुलींचे प्रमाण सुमारे १३ टक्क्यांवरून २९ टक्क्यांवर गेले होते. तीन वर्षांत मुलींचे देह बदलले नव्हते. ते मोजायचे माप बदलले होते. आज ते माप मोबाइलमधून आपल्या मुलींच्या उशाशी आले आहे.

मग मुलीला सांगावे तरी काय? आपण सहसा दोन उत्तरे देतो. पहिले, "तूही सुंदरच आहेस." भावना चांगली आहे, पण माप तेच राहते. आज आपण शंभर गुण दिले, उद्या वर्गातली कोणी चाळीस देईल. दुसरे उत्तर धार्मिक वाटते: "देहाचे काय घेऊन बसलीस? आत्मा सुंदर हवा." परंतु ही ख्रिस्ती शिकवण नव्हे. देह आणि जडसृष्टी वाईट मानणाऱ्या मानी पंथात संत ऑगस्टीन तरुणपणी सुमारे नऊ वर्षे होते. पुढे त्यांनीच त्या पंथाचे खंडन केले. आपला प्रभू मरियेच्या उदरी देह धारण करून आला. दर रविवारी विश्वासांगीकारात आपण केवळ आत्म्याच्या अमरत्वाची नव्हे, तर मृतांच्या पुनरुत्थानाची आशा बोलून दाखवतो.

फ्रेंच कॅथलिक तत्त्वज्ञ गाब्रिएल मार्सेल यांनी 'असणे' आणि 'जवळ असणे' यांत फरक केला. माझ्याजवळ छत्री आहे. ती मी उसनी देऊ शकतो, मोडली तर बदलू शकतो. शरीराचे तसे नाही. ते माझी मालमत्ता नाही. ते मीच आहे. म्हणून मुलीच्या देहाला नावे ठेवणारा मुलीलाच नावे ठेवतो. आणि जी मुलगी आपल्या देहाकडे दुकानाच्या काचेतल्या मालासारखे पाहू लागते, ती स्वतःपासूनच दूर जाते.

आता ख्रिस्तसभा देहाशी कशी वागते ते पाहा. बाप्तिस्म्यात ती त्यावर पाणी ओतते, टाळूला पवित्र तेल लावते. दृढीकरणात कपाळावर अभ्यंग करते. वेदीवर ख्रिस्तशरीराने त्याचे पोषण करते. आजारपणात कपाळाला आणि हातांना तेल लावते. शेवटी निष्प्राण देहावरही पवित्र जल शिंपडते आणि त्याला धूप दाखवते. या साऱ्या प्रवासात ती एकदाही रंग विचारत नाही, वजन करीत नाही. आरसा देहाला गुण देतो. वेदी देहाला अन्न देते.

पुनरुत्थित प्रभूकडेही पाहा. त्याच्या गौरवी देहावर खिळ्यांचे व्रण राहिले होते, आणि थोमाने प्रभूला ओळखले ते त्याच व्रणांवरून. मुलींनो, तुमच्या अंगावरचा भाजल्याचा डाग, कोडाचा पांढरा चट्टा, वाकडे पाऊल यांमुळे देवाच्या नजरेत तुमचे मोल तसूभरही कमी होत नाही.

पालकांनो, काही गोष्टी आजच करता येतील. घरात कुणाच्याही रंगावर, जाडीवर थट्टा नको, स्वतःच्याही नको. आई आरशासमोर स्वतःला नावे ठेवते तेव्हा लेक ऐकत असते. मुलीचे कौतुक करताना तिने केलेल्या कामाचे, तिच्या धीराचे करा. वडिलांनो, हे तुम्हीही बोला. प्रायश्चित्तकाळातील उपवास म्हणजे डाएट नव्हे. ख्रिस्तसभेचा उपवासाचा नियम अठरा वर्षांखालील मुलींना लागूच नाही. आणि मुलगी जेवण टाळू लागली, खाल्लेले मुद्दाम ओकू लागली, तर नुसती प्रार्थना करून थांबू नका. वेळ न घालवता डॉक्टरांकडे न्या. देवाने दिलेल्या देहाची काळजी घेणे हीदेखील उपासनाच आहे.

पुढच्या लग्नात भाची भेटेल तेव्हा तिला आधी विचारा, "कशी आहेस, बाळ?" आणि तिचे उत्तर पूर्ण ऐकून घ्या.

प्रभू आपल्या सर्व कन्यांना आशीर्वाद देवो.

आपला,
धर्मगुरू