30 दिवसांचाच तर प्रश्न होता

आजचं वाचन: दानीएल 6:1-10



दानीएलाची गोष्ट आपण संडेस्कूलपासून ऐकत आलोय. पण ऐकताना आपण घाईने सिंहांच्या गुहेपाशी पोहोचतो. आज दहाव्या वचनापाशीच थांबू या. सिंह अजून आलेले नाहीत. एक सरकारी अधिकारी घरी येतो, माडीवर जातो, यरुशलेमेच्या दिशेच्या उघड्या खिडकीपाशी गुडघे टेकतो आणि देवाचे उपकार मानतो. बस, एवढंच.

आधी त्याची नोकरी पाहा. दारयावेश राजाने राज्यावर 120 प्रांताधिकारी नेमले होते. त्यांच्यावर तीन अध्यक्ष आणि त्या तिघांतला एक दानीएल. म्हणजे हिशेब, अहवाल, हाताखालची माणसं, वरिष्ठांची मर्जी आणि ऑफिसचं राजकारण, सगळं आलं. आपल्यासारखंच. जळणाऱ्यांनी त्याच्या कामात खोट शोधली, पण सापडली नाही. तेव्हा त्यांनी राजाकडून हुकूम काढून घेतला की 30 दिवस राजाशिवाय कोणत्याही देवाकडे किंवा माणसाकडे कोणी काही मागायचं नाही.

फक्त 30 दिवस! आता प्रामाणिकपणे विचार करा. दानीएलापुढे सोपे मार्ग होते की नाही? महिनाभर थांबता आलं असतं. मनातल्या मनात प्रार्थना करता आली असती. निदान खिडकी तरी लावून घेता आली असती. आणि हा शेवटचा मार्ग तर वचनाला धरूनच वाटतो. मत्तय 6:6 मध्ये प्रभू येशू स्वतः खोलीत जाऊन, दार लावून प्रार्थना करायला सांगतो. मग दानीएलाने खिडकी उघडी का ठेवली? तो हट्ट होता की दिखावा?

उत्तर दहाव्या वचनाच्या शेवटी आहे. तो हे पूर्वीपासून करत आला होता. हुकूम निघाल्यावर त्याने मुद्दाम खिडकी उघडली नाही, ती उघडीच असायची. 1 राजे 8 मध्ये शलमोनाने मंदिराच्या समर्पणाच्या वेळी प्रार्थना केली होती की बंदिवासात गेलेले लोक या नगराकडे तोंड करून विनवणी करतील तेव्हा, देवा, तू ऐक. दानीएल त्या प्रार्थनेच्या आधारावर जगणारा बंदिवान होता. लोकांना दाखवण्यासाठी प्रार्थना करणाऱ्यांना येशू दार लावायला सांगतो. दानीएल लोकांच्या भीतीने खिडकी लावत नाही. दोन्हीकडे मुद्दा एकच आहे: माझं आणि देवाचं नातं कसं असावं हे बघणाऱ्यांनी ठरवायचं नाही.

आपल्याला असा हुकूम कोणी काढत नाही. पण 30 दिवस आपणच काढतो. एवढा रिलीज होऊ दे, मग बायबल वाचायला बसेन. अप्रेझल होऊ दे. लग्न ठरू दे. होम लोनचं एकदा मार्गी लागू दे. आपण देवाला सोडत नाही हो, फक्त पुढच्या स्प्रिंटमध्ये ढकलतो.

‘देवाला पहिलं स्थान द्या’ असं आपण नेहमी म्हणतो. मला त्यात एक धोका दिसतो. पहिलं स्थान म्हटलं की यादी आली, आणि यादीतलं पहिलं काम झालं की त्यावर टिक करून आपण दुसऱ्याकडे वळतो. सकाळी 15 मिनिटं देवाची, मग उरलेला दिवस माझा. केंद्र म्हणजे वेगळं. चाकाचा आस जागेवर असतो आणि बाकी सगळं त्याच्याभोवती फिरतं. दानीएलाच्या हिशेबात खोट नव्हती आणि त्याच्या प्रार्थनेत खंड नव्हता. ही दोन वेगळी खाती नव्हती, एकाच नात्याची दोन फळं होती.

आणि नुसती शिस्त म्हणजेही नातं नव्हे. पंडिता रमाबाईंची साक्ष इथे आठवते. 1883 साली इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. पण 1907 साली लिहिलेल्या साक्षीत त्या सांगतात की सुमारे आठ वर्षांनी त्यांच्या लक्षात आलं, आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला आहे, पण त्या धर्माचं जीवन असलेला ख्रिस्त सापडलेला नाही. केवढी विद्वान बाई, आणि किती स्पष्ट बोलणं! ख्रिस्त भेटल्यावर त्या कामापासून दूर गेल्या नाहीत. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये दुष्काळातून आलेल्या, टाकून दिलेल्या शेकडो मुली आणि स्त्रिया त्यांनी सांभाळल्या, आणि मूळ हिब्रू-ग्रीकवरून सगळं बायबल सोप्या मराठीत आणलं. देवाशी जवळीक खरी असेल तर ती माणसांपासून पळवत नाही. 1 योहान 4:20 हीच कसोटी लावतं.

आता एक अवघड गोष्ट. माझ्या एका जुन्या नोकरीत रिलीजच्या आदल्या संध्याकाळी रिपोर्टमध्ये ‘टेस्टिंग पूर्ण’ असं लिहायला सांगितलं गेलं. ते पूर्ण नव्हतं. जे झालं होतं तेवढंच मी लिहिलं. रिलीज दोन दिवस पुढे गेला आणि त्या वर्षी माझं रेटिंग साधारणच आलं. कोणत्याही सिंहाचं तोंड बंद झालं नाही! हे मुद्दाम सांगतोय, कारण आपल्या साक्षी बहुतेक वेळा प्रमोशनपाशी संपतात. दहाव्या वचनातल्या दानीएलाला बाविसावं वचन माहीत नव्हतं. देवदूत येणार हे ठाऊक नसताना त्याने उपकार मानले. सुटका मिळेल म्हणून ठेवलेलं नातं हा व्यवहार झाला. देव आपला आहे म्हणून ठेवलेलं नातं सुटका झाली नाही तरी टिकतं.

मग आज काय करायचं? दानीएलाला एक ठरलेली जागा होती आणि दिवसातल्या तीन वेळा होत्या. तुमचीही एक खिडकी ठरवा. लोकलमधली सीट चालेल, कंपनीची बस चालेल, बाळ झोपल्यावरचा गॅलरीतला कोपराही चालेल. लॅपटॉप उघडण्याआधी, जेवणाच्या सुट्टीत आणि झोपण्याआधी, दोन-दोन मिनिटं का होईना. ज्यांच्याशी खटके उडतात त्या सहकाऱ्याचं नाव तिथे घ्या. आणि मागण्याआधी उपकार माना. घरी दोन वर्षांची मुलगी असल्यामुळे मला सकाळी शांत तास मिळत नाही. पण तासाची लांबी देव मोजत बसत नाही. महिना कठीण जाणार असेल तेव्हाही ती खिडकी उघडी राहते का, हा खरा प्रश्न आहे.

आजची प्रार्थना: प्रभू येशू, आम्ही तुला पुढे ढकलतो तरी तू आम्हाला दूर लोटत नाहीस, म्हणून तुझे आभार. आमचं ऑफिस, आमचं घर, आमची भीती तुझ्याभोवती फिरू दे. शेवट दिसत नसतानाही तुझे उपकार मानायला शिकव. आमेन.